इंजिन 'रुळते' म्हणजे नेमके काय होते?

मी शाळेत असताना भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी काकांनी धानाच्या बांधीला पाणी देण्यासाठी नवा डिझेल पंप आणला. नव्या इंजिनावर ओझे टाकायचे नाही, अशी त्यांची समजूत होती. म्हणून पट्टा न चढवता त्यांनी ते इंजिन कित्येक दिवस मंद गतीवर नुसतेच चालवले. हंगाम सुरू झाला आणि इंजिन निळसर धूर सोडू लागले, तेल पिऊ लागले. मेस्त्रींनी ते उघडले तेव्हा सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी चकाकत होती. काका समाधानाने म्हणाले, "बघा, किती गुळगुळीत झालं आहे!" मेस्त्री म्हणाले, "भाऊ, तेच तर बिघडलं आहे."

गुळगुळीतपणा हा दोष कसा असू शकतो? हे कोडे मला पुढे पदार्थविज्ञान शिकताना उलगडले. त्याचे उत्तर शोधताना यंत्रांच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा हाती लागतो.

जात्याची टाकी

आपल्या आजीच्या जात्यापासून सुरुवात करू. वापरून गुळगुळीत झालेल्या जात्याला पाथरवटाकडून टाकी लावून घेत. म्हणजे दगडावर बारीक खाचा पाडत. त्यानंतर लगेच चांगले धान्य दळत नसत. आधी थोडे भरड दळून ते टाकून देत. त्यात दगडाची कच निघून जाई, सैल टोके झडत आणि दोन्ही पाळी एकमेकींशी जुळत. खाचा मात्र शिल्लक राहत.

इंजिनाच्या सिलिंडरचेही असेच असते. कारखान्यात त्याच्या आतल्या भिंतीवर घर्षक दगडांनी एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा मुद्दाम ओढतात. या प्रक्रियेला होनिंग म्हणतात. रेषांच्या दरीत तेल साठते आणि उंचवटे पिस्टनच्या रिंगांना टेकतात. रिंग व भिंत एकमेकींवर घासून उंचवट्यांची टोके झिजतात, माथा सपाट होतो, पण दऱ्या उरतात. एकदा हे झाले की रिंग भिंतीशी घट्ट बसते. मग ज्वलनाचे वायू खाली निसटत नाहीत आणि खालचे तेल वर चढत नाही. यालाच आपण इंजिन रुळले असे म्हणतो. रुळणे म्हणजे आवरात ठेवलेली झीज.

आता काकांच्या पंपाचे कोडे सुटते. रिंगला भिंतीवर दाबते कोण? तिची स्वतःची स्प्रिंगसारखी ताकद थोडीच असते. खरा दाब येतो तो रिंगच्या मागे शिरणाऱ्या ज्वलनवायूंचा. इंजिनावर भार नसेल तर हा दाब कमी पडतो. टोके नीट झिजत नाहीत, तेल वर येऊन अर्धवट जळते आणि त्याचा कडक, चकचकीत थर भिंतीवर चढून दऱ्या बुजवतो. मेस्त्रींना दिसलेला आरसा तो हाच. याउलट पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकला, तर उंचवट्यांवर इतकी उष्णता निर्माण होते की धातू क्षणभर एकमेकांना चिकटून फाटतात. अति लाड आणि अति मार, दोन्हींनी नुकसानच होते.

डिझेलपासून बाउडनपर्यंत

रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये आउग्सबुर्ग येथे पहिल्या प्रायोगिक इंजिनाची चाचणी घेतली. कार्यक्षम इंजिन तयार व्हायला मात्र १८९७ साल उजाडले. त्याची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ती फारच मोठी होती. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. रिंगा नीट बसल्या नसतील तर दाबलेली हवा निसटते. त्यामुळे रुळण्याचा प्रश्न डिझेल इंजिनात अधिक कळीचा ठरतो.

त्या काळी भाग जुळवण्याचे बरेच काम हाताने होई. दांड्याला रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, बेअरिंगवर रंग जिथे उमटेल तिथे पातीने खरवडायचे, पुन्हा फिरवायचे. उरलेले काम गाडीचा मालक पहिल्या काही शे मैलांत मंद गतीने पूर्ण करी. इंग्लंडमध्ये तर 'गाडी नवी आहे, पुढे जा' अशा अर्थाची पाटी मागच्या काचेवर लावत.

हे घडते का, याचे उत्तर नंतर मिळाले. केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की दोन धातूंचे पृष्ठभाग वरून कितीही सपाट दिसले, तरी ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. खरे स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अगदी अल्प अंश असते. १९६६ मध्ये इंग्लंडमधील जोस्ट अहवालाने घर्षण, झीज आणि वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळवून दिले.

गडेगावचे गिअर

या इतिहासातले एक पान आपल्या जिल्ह्यातही उघडते. भंडाऱ्याजवळ गडेगाव येथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशोक लेलँडचा कारखाना आला. तो ट्रक-बसच्या गिअरबॉक्ससाठी ओळखला जातो. गिअर बदलताना दोन चाकांच्या गती जुळाव्यात म्हणून सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये कड्या असतात. परंपरेने त्या पितळेसारख्या तांब्याच्या मिश्रधातूच्या करतात. पोलादावर असा धातू चिकटून न फाटता घासतो. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याला हा गुण वेगळा सांगायला नको!

दुसरा दुवा तुमसर तालुक्याचा. तेथील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी मँगनीजसाठी प्रसिद्ध आहेत. गिअर आणि पिस्टन रिंग यांवर मँगनीज फॉस्फेटचा पातळ थर देण्याची एक जुनी पद्धत आहे. हा स्फटिकमय थर तेल धरून ठेवतो आणि सुरुवातीच्या घर्षणात स्वतः झिजून खालच्या पोलादाला वाचवतो.

स्वयंचलित गिअरबॉक्स

अमेरिकेत १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आला. अशा गिअरबॉक्समध्ये तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या असतात. पोलादी चकतीवर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे अस्तर घासते. सुरुवातीला अस्तराचे उंचवटे दबतात, घर्षणाचा गुणांक थोडा बदलतो आणि मग स्थिरावतो. आधुनिक गाडीत यात आणखी भर पडली आहे. प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागला, कडी किती घसरली, हे संगणक मोजतो आणि पुढच्या वेळी तेलाचा दाब तसा बदलतो. म्हणजे येथे धातूबरोबर आज्ञावलीही रुळते. नव्या गाडीचे गिअर सुरुवातीला किंचित धक्क्याने बदलले आणि नंतर मऊ झाले, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

आज सिलिंडरची टोके कारखान्यातच घासून सपाट करतात. त्यामुळे रुळण्याचा काळ पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही. बहुतेक पुस्तिका आजही पहिल्या सुमारे हजार किलोमीटरसाठी तेच सांगतात: गती एकसारखी ठेवू नका, इंजिन तासन्‌तास नुसते चालू ठेवू नका, त्याला मध्यम भार द्या, पूर्ण जोर लावू नका.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. खडूचे दोन तुकडे मोडून त्यांची मोडलेली तोंडे एकमेकांवर हलक्या हाताने घासा. पडलेली पूड आणि सपाट झालेले माथे भिंगातून पाहायला द्या. मग मुलांना विचारा: किती दाबले तर खडू तुटतो, आणि किती कमी दाबले तर काहीच घडत नाही?

काकांच्या सिलिंडरवर मेस्त्रींनी पॉलिश पेपरने पुन्हा तिरप्या रेषा ओढल्या, नव्या रिंगा बसवल्या आणि पहिल्याच दिवशी पट्टा चढवून पाणी उपसायला लावले. तो पंप पुढे कित्येक हंगाम चालला.