सलाईनची बाटली आणि जिभेवरची गोळी

झरी-जामणी किंवा मारेगावच्या आडगावातून उलट्यांनी मलूल झालेले मूल यवतमाळच्या दवाखान्यात येते, तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा सलाईनचाच असतो. पोटात काही ठरत नसेल, तर औषध शिरेतूनच द्यावे लागणार, हा त्यामागचा तर्क. वैद्यकशास्त्रानेही तो दीर्घकाळ मान्य केला होता.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पण मूल प्रत्येक घोट ओकून टाकत असेल, तर हे पाणी पाजायचे कसे?

जुनी औषधे येथे तोकडी पडत. १९४० च्या दशकातले प्रोमेथाझिन सुईने किंवा गुदद्वारात ठेवायच्या कांडीच्या रूपात देता येई. पण त्याने मूल गुंगते, आणि गुंगलेले मूल पाणी पिणार कसे? श्वास मंदावण्याच्या धोक्यामुळे २००४ मध्ये अमेरिकेने दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरवले. मेटोक्लोप्रामाइडने काही मुलांची मान वाकडी होई, डोळे वर फिरत. पालकांच्या दृष्टीने हे मूळ आजारापेक्षा भयंकर!

कर्करोगाच्या रुग्णांसाठी आलेल्या ओंडॅन्सेट्रॉनने चित्र पालटले. त्याची जिभेवर विरघळणारी गोळी पाण्याविना घेता येते. (ती जिभेतूनच रक्तात जाते, हा गैरसमज आहे, लाळेसोबत ती पोटातच उतरते.) शिकागोच्या रुग्णालयात २१५ मुलांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी मिळालेल्यांपैकी १४ टक्के मुलांना पुन्हा उलटी झाली, बनावट गोळीच्या गटात ३५ टक्के. सलाईनची गरजही ३१ वरून १४ टक्क्यांवर आली.

मग श्रेय गोळीच्या रूपाचे की औषधाचे? २०१६ चा इटलीतील अभ्यास येथे मोलाचा ठरतो. त्यात दोन्ही औषधे सिरपच्याच रूपात होती. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेले डोम्पेरिडोन बनावट औषधापेक्षा फारसे सरस ठरले नाही. ओंडॅन्सेट्रॉनने मात्र सलाईन किंवा नळीची गरज निम्म्याहून कमी केली. म्हणजे विरघळणे ही सोय होती, गुण औषधाचा होता.

या गुणालाही मर्यादा आहे. कराचीतील अभ्यासात शरीरातले पाणी कमी झालेल्या मुलांना त्याचा लाभ झाला, पाणी टिकून असलेल्यांना नाही. शिकागोतही गोळीनंतर १५ मिनिटांनी मुलांच्या हाती मीठ-साखरेचे पाणीच दिले गेले होते.