नागपूर परिसरातील शिलावर्तुळे

इंग्लंडातील सॅलिसबरीच्या माळावरील स्टोनहेंज पाहावयास जगभरातून लोक जातात. आमच्या शाळेतील मुलांसही ते चित्रावरून ठाऊक असे. परंतु नागपुराहून काटोलच्या वाटेने अवघ्या तीन कोसांवर असलेल्या जुनापाणीचे नाव काढले, की सारा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे पाही. वस्तुतः जुनापाणीच्या माळावर सुमारे तीनशे शिलावर्तुळे आहेत. टाकळघाट, खापा, माहुरझरी, नायकुंड या गावांच्या शिवारांतही असेच अवशेष आढळले आहेत.

मोठमोठे धोंडे गोलाकार मांडावयाचे आणि आतील जागा माती व दगडगोटे यांनी भरून काढावयाची, अशी ही रचना होय. तिच्या पोटात मृताच्या अस्थी, मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याच्या बांगड्या इत्यादी वस्तू ठेवलेल्या असत. म्हणजे ही स्मशाने आहेत. लोकपरंपरा त्यांचा संबंध गवळी राजांशी जोडी. पण हे अवशेष इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, लोहयुगाचे आहेत.

त्यांच्या शोधाचा इतिहास नागपूरकरांनी अवश्य जाणून घ्यावा. स्कॉटलंडातून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना धर्मकार्याइतकाच भूगर्भशास्त्राचा व पुराणवस्तूंचा नाद होता. सप्टेंबर १८६३ मध्ये ते चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाटची वर्तुळे पाहावयास गेले आणि त्याच दौऱ्यात बोरीजवळ पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे, परंतु हे मरण कशापायी आले, हे तेथे शिकलेल्यांपैकीही थोड्यांसच ठाऊक असावे. पुढे रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीस उत्खनन करून १८७९ साली निबंध प्रसिद्ध केला. ह्या गृहस्थांची नेमणूक खरी कापसाच्या कामावर होती! येथील काही धोंड्यांवर ओळीने कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या पाहून त्यांना युरोपातील तशाच खुणांची आठवण झाली.

तथापि साम्य म्हणजे नाते नव्हे. स्टोनहेंजचे प्रचंड स्तंभ आपल्या वर्तुळांहून किमान दीड हजार वर्षांनी जुने असून ते उभारणाऱ्यांस लोखंड अज्ञात होते. एकोणिसाव्या शतकातील काही साहेब लोकांनी आपली वर्तुळे शक लोकांच्या माथी मारली. मला ती घाई वाटते. बाहेरून आलेल्या कोणीतरी हे केले असले पाहिजे, हा त्यांचा आवडता सिद्धांत होता.

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम आपल्या विद्वानांनी हाती घेतले. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे उत्खनन केले. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे खोदकाम केले. माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांचे अवशेष व त्यांच्या मस्तकावरील तांब्याचा साज मिळाला. नायकुंडास लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. विदर्भाची भूमी त्या काळी रानटी होती, असे म्हणणाऱ्यांनी ती भट्टी विचारात घ्यावी. अलीकडे मुंबईच्या संशोधकांनी जुनापाणीच्या खळग्यांची मोजणी केली असता त्यांच्या दिशा तीन ठरावीक रेषांभोवती आढळल्या. हा आकाशनिरीक्षणाचा पुरावा आहे की काय, ह्याविषयी मतभेदास जागा आहे.

आता रक्षणाची गोष्ट. इंग्लंडातील एव्हबरी गावच्या लोकांनी तेथील वर्तुळाचे धोंडे फोडून घरे बांधली होती. उरलेल्या जागेवरही घरांसाठी प्लॉट पडणार, तोच जॉन लबक ह्या पेढीवाल्याने १८७१ साली ती जमीन पदराच्या पैशाने विकत घेतली. पुढे त्याच्याच खटपटीने १८८२ चा प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. आपल्याकडे तसा कायदा १९०४ साली व स्वतंत्र भारताचा १९५८ साली झाला. परंतु कायद्यास प्रत्येक धोंड्याजवळ पहारा बसविता येत नाही. शेतात आलेले वर्तुळ नांगरास अडते, दगड बांधावर जातो. आणि नागपूर शहर तर काटोल मार्गाने वर्षानुवर्षे पुढे सरकत आहे. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांची शेती त्या बाजूस आहे, त्यांनी आपल्या शिवारात गोल मांडलेले धोंडे असल्यास ते हलविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कचेरीस एक पत्र टाकावे.