काचेचं भांडण

विमानाच्या खिडकीतून इंजिन दिसलं की मला २४ जून १९८२ च्या रात्रीची गोष्ट आठवते. लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला चाललेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद! आत २६३ माणसं... सिलिकेटची राख इंजिनात वितळून काचेसारखी चिकटली होती. बंद इंजिनं थंड झाली, काच तडकून गळली, इंजिनं पुन्हा सुरू झाली. सगळे वाचले.

पुढे इंजिनं जास्त तापू लागली, तसा हा वितळलेला रस पात्यांवरच्या झिर्कोनियाच्या लेपात झिरपू लागला. थंड होताना तो घट्ट होतो आणि लेपाचे पापुद्रे सुटतात. उपाय? वर गॅडोलिनियम झिर्कोनेटचा थर. रसाशी संयोग होऊन त्याचे स्फटिक बनतात आणि फटींची तोंडं बुजतात. चोराच्याच हातून दाराला कडी!