पहिले चार सामने

फुटबॉल बघणाऱ्या माणसाला मोसमाच्या सुरुवातीला एक ताप चढतो. दोन सामने झाले की यंदा आपला संघ कुठवर जाणार हे त्याला कळलेलं असतं. चौथा सामना होईपर्यंत प्रशिक्षक बदलला पाहिजे, तो परदेशी खेळाडू आता थकलाय, त्या मिझोरामच्या पोराला बाकावर का बसवलंय, अशी सगळी कलमं तयार असतात. जगात सगळीकडे हेच चालतं. पुण्यातही साधारण २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं आम्ही काही मंडळींनी हेच केलं. फरक एवढाच, की कलकत्त्याच्या माणसाचा पहिला महिना वाईट गेला तरी पुढच्या वर्षी क्लब जागेवर असतो. मोहन बागान १८८९ पासून आहे. आमचे क्लब राहिले नाहीत. एक नाही, चार!

त्या चारांचा हा छोटासा इतिहास. कुठेतरी लिहून ठेवायला हवा असं बरेच दिवस वाटत होतं.

सगळं घडलं एकाच मैदानावर. शिवछत्रपती क्रीडासंकुल, म्हाळुंगे-बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते बांधलं आणि २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. लोक सोयीसाठी नुसतं 'बालेवाडी' म्हणतात, पण पत्त्यातलं म्हाळुंगे हे आमच्या मुळशी तालुक्यातलं गाव (२०२१ मध्ये तेही पुणे महापालिकेत गेलं). आम्ही पिरंगुटहून लवळे-नांदेच्या रस्त्याने तिथे पोचायचो, तेव्हा ते शहरातलं मैदान वाटायचंच नाही. हिंजवडीही मुळशीतच. तिथल्या कंपन्यांतून सुटलेले मलयाळी, बंगाली, मणिपुरी तरुण गळ्यात पट्टी अडकवूनच थेट स्टँडमध्ये यायचे. मुळशी म्हणजे कुस्तीचा मुलूख, इथे फुटबॉल कोण बघणार, असं म्हणणाऱ्यांनी ती गर्दी पाहिलेली नाही. मोठी नव्हती, पण खरी होती.

पहिला क्लब पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने तो २००७ मध्ये काढला आणि २००९ मध्ये तो आय-लीगमध्ये चढला. चढल्या चढल्या पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये, थेट तिसरा क्रमांक. वर कोण, तर गोव्याचे डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स. प्रशिक्षक डेरिक परेरा, गोव्याचे. २०१२-१३ मध्ये तर संघ उपविजेता झाला. त्या वर्षी दक्षिण सुदानचा जेम्स मोगा पुढच्या फळीत होता. मिझोरामचा जेजे लालपेखलुआ इथेच मोठा झाला आणि पुढे भारताचा आघाडीवीर म्हणून नावारूपाला आला.

आणि अराता इझुमी. आई जपानी, वडील गुजराती. ईस्ट बंगाल आणि मुंबईच्या महिंद्र युनायटेडमधून तो २००९ मध्ये पुण्यात आला. भारताकडून खेळायचं तर भारताचं नागरिकत्व हवं, आणि ते घ्यायचं तर जपानचा पासपोर्ट सोडायचा. त्याने सोडला. २०१२ मध्ये तो भारतीय नागरिक झाला, नीलकंठ खंबोळजा या नावाने, आणि २०१३ मध्ये भारताच्या जर्सीत उतरला. मधल्या फळीत त्याचा पहिला स्पर्श इतका मऊ असायचा की बॉल पायाला चिकटून राहिल्यासारखा वाटे. पण माझ्यासारख्याला तो लक्षात राहिला तो यासाठी, की खेळासाठी त्याने स्वतःचा देश बदलला. आणि त्याला खेळवणाऱ्या क्लबांना मात्र शहरात दहा वर्षं टिकणंही जमलं नाही.

खरं म्हणजे इशारा आधीच मिळालेला होता. अराता आणि डेरिक परेरा दोघेही ज्या महिंद्र युनायटेडमधून आले, तो २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. कंपनीने ठरवलं आणि २०१० मध्ये तो बंद झाला. पुढच्याच वर्षी पंजाबचा जेसीटी गेला. म्हणजे विजेतेपदसुद्धा क्लबला वाचवत नाही, हे तेव्हाच दिसत होतं. पण गुणतक्त्यावर नजर असलेल्या माणसाला असल्या बातम्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाटतात.

२०१४-१५ चा मोसम तर गमतीचा. एका मैदानावर तीन-तीन क्लब! पुणे एफसी होताच. इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी आला. कल्याणी समूहाने आय-लीगसाठी भारत एफसी काढला. गवताला विश्रांती कधी मिळत असेल देव जाणे. भारत एफसी शेवटच्या, अकराव्या क्रमांकावर राहिला. पण खालच्या विभागात घसरला कोण? दहाव्या क्रमांकावरचा डेम्पो, पाच वेळा देशाचा विजेता! कारण नव्या कंपनी-क्लबांना सुरुवातीची काही वर्षं घसरणीतून सूट होती. आणि मोसम संपल्यावर सूट मिळालेल्या भारत एफसीने गाशा गुंडाळला, त्याबरोबर पुणे एफसीनेही. २०१५-१६ ची आय-लीग सुरू झाली तेव्हा दोघेही यादीत नव्हते.

त्यांच्या जागी आला डीएसके शिवाजियन्स. मूळ शिवाजियन्स १९८७ पासूनचा पुण्याचा स्थानिक क्लब, आता त्याला बांधकाम व्यावसायिकाचं पाठबळ मिळालं होतं. पोरांसाठी लिव्हरपूलशी जोडलेली अकादमी काढली. २०१६ च्या सुपर लीगमध्ये उदयोन्मुख खेळाडू ठरलेला जेरी लालरिनझुआला याच अकादमीतला. पण २०१५-१६ मध्ये तोच प्रकार पुन्हा झाला. शिवाजियन्स शेवटून पहिला, पण सूट. घसरण आली वरच्या ऐजॉलच्या वाट्याला. ऐजॉलला नंतर परत घेतलं, आणि पुढच्या वर्षी ते आय-लीगचे विजेते झाले! २०१७ मध्ये शिवाजियन्स बाहेर पडला.

आता चौथा, ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव जडला. एफसी पुणे सिटी. वाधवान समूह, हृतिक रोशन, पहिल्या वर्षी इटलीच्या फिओरेन्तिनाची साथ. जर्सी नारिंगी. या क्लबच्या पाच मोसमांच्या फक्त सुरुवाती पाहा.

२०१४. १९९८ चा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आणि २००४ च्या युरोविजेत्या ग्रीसचा कात्सुरानिस संघात. प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा. पहिला सामना दिल्लीत, ०-०. दुसरा नवी मुंबईत, ०-५! आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक आमच्यावरच केली. मग घरच्या पहिल्या सामन्यात गोव्यावर २-०, आणि गोल कुणाचे? कात्सुरानिस आणि त्रेझेगे. आदल्या आठवड्यात ज्यांना म्हातारे म्हणत होते त्यांच्याच नावाचा स्टँडमध्ये गजर. शेवटी सहावा क्रमांक.

२०१५. प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट. संघात आद्रियान मुतू, तुंजाय, कालू उचे, दिदिये झोकोरा. पहिल्याच सामन्यात मुंबईला ३-१. पाच गोलांचं उट्टं निघालं, यंदा आपलंच वर्ष, असा सूर लागला. शेवटी आठात सातवा.

२०१६. आइसलँडचा गुडजॉनसन मोसमाआधीच जखमी झाला, त्याच्या जागी सिसोको आला. प्रशिक्षक हबास, पण आधीच्या वर्षीच्या शिक्षेमुळे पहिले चार सामने बाकावर बसायला बंदी. घरी मुंबईकडून ०-१, मग गोव्यात २-१ विजय, आणि त्यातला पहिला गोल अराताचा! तो परत पुण्यात आला होता. शेवट सहावा.

२०१७-१८. पोपोविच. पहिल्या सामन्यात बालेवाडीत दिल्लीकडून २-३. बचावफळीला भोकं आहेत, असं म्हणत लोक घरी गेले. चार दिवसांनी कलकत्त्यात एटीकेला ४-१. मार्सेलिन्हो आणि अल्फारो ही जोडी तिथे उघडली ती मोसमभर थांबली नाही. गोलात हिमाचलचा विशाल कैथ, डाव्या बाजूला मलप्पुरमचा आशिक कुरुनियान, जो पुणे एफसीच्या अकादमीत वाढला होता. संघ चौथा आला, पहिल्यांदाच उपांत्य फेरीत. बंगळुरूशी घरी ०-०, तिकडे १-३. सुनील छेत्रीची हॅटट्रिक. त्या रात्री फार वाईट वाटलं होतं. पण ते वाईट वाटणंसुद्धा चैन होती, हे पुढे कळलं.

२०१८-१९. दिल्लीत १-१, मग मुंबई आणि बंगळुरूकडून पराभव, तीन सामन्यांत प्रशिक्षक मिगेल आंजेल पोर्तुगाल गेले. पहिला विजय नोव्हेंबरात. डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राऊन आले आणि संघ सावरला, सातवा आला. जानेवारी २०१९ मध्ये आशिक आशियाई चषकात भारताकडून खेळत होता. पुढच्या वर्षासाठी चांगली चिन्हं होती.

पुढचं वर्ष आलंच नाही. आर्थिक अडचणींत क्लब बंद पडला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोजचा ओडिशा एफसी झाला. पुणे आणि दिल्ली, २०१४ मध्ये एकमेकांशीच पहिला सामना खेळलेले दोन्ही संघ एकाच महिन्यात गेले. हैदराबादने सुरुवात केली ती कलकत्त्यात ०-५ ने (पाच गोल ही आमच्या घराण्याची खूण असावी!), आणि तीन वर्षांत, मार्च २०२२ मध्ये, ते लीगचे विजेते झाले. २०२५ मध्ये तो क्लबही दिल्लीला नेला गेला. म्हणजे बालेवाडीतून निघालेली ती जागा फिरत फिरत दिल्लीत पोचली.

आता हिशोब मांडू. उत्तम सुरुवात झाली त्या वर्षी सातवे, पहिला सामना हरलो त्या वर्षी चौथे. म्हणजे पहिल्या चार सामन्यांवरून मोसमाचा अंदाज करणं व्यर्थ. हे तर कुठलाही जुना प्रेक्षक सांगेल. पण दुसरा हिशोब जास्त बोचतो. पुणे एफसी बंद झाला तो उपविजेतेपदानंतर दोन वर्षांत. पुणे सिटी बंद झाला तो उपांत्य फेरीनंतर दीड वर्षात. आणि जे दोन क्लब खरोखर शेवटचे आले, त्यांना नियमानेच घसरणीपासून वाचवलं होतं. चारांपैकी एकही क्लब हरला म्हणून संपला नाही. मैदानावर काय होतं याचा क्लबच्या आयुष्याशी संबंधच नव्हता. तो निकाल दुसऱ्याच ताळेबंदात लागत होता, आणि तो ताळेबंद प्रेक्षकाला कुणी दाखवत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये, पुणे सिटी जोरात असताना, मुळशीतच भूगावला महाराष्ट्र केसरी झाली. पुण्याच्या अभिजित कटकेने गदा घेतली. कुस्तीतही पैसा आहे, राजकारण आहे, प्रायोजक आहेत. पण एखाद्या तालमीचा पैलवान पाच वर्षं हरला म्हणून, किंवा देणगीदार बदलला म्हणून, ती तालीम उचलून कुणी दुसऱ्या राज्यात नेत नाही. ती गल्लीची असते. हौद्यातली माती, वस्ताद, सकाळी येणारी पोरं, हे सगळं तिथलंच असतं. आमच्या क्लबांना मालक होते, मैदान भाड्याचं होतं, आणि प्रेक्षक होते. मधलं काहीच नव्हतं. मधलं होण्याची शक्यता फक्त अकादमीत होती. पुणे एफसीचा मोठा संघ मिटल्यावरही पोरांची अकादमी उरली, पुणे सिटीने ती विकत घेतली, आणि तिथला आशिक पुढे देशासाठी खेळला. चार क्लबांच्या राखेतून हातात राहिलं ते एवढंच.

मग ती दहा वर्षं घातलेले वाद फुकट गेले का? मला तसं वाटत नाही. विशाल कैथ आता कलकत्त्यात मोहन बागानचा गोलरक्षक आहे. २०२२-२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. तो टीव्हीवर दिसला की आम्ही दोघं-तिघं अजून एकमेकांना फोन करतो आणि 'आपला विशाल' म्हणतो. तिथल्या लोकांना याचं हसू येईल. पण क्लबची जागा विकता आली, नाव पुसता आलं, तरी 'आपला' हा शब्द त्या व्यवहारात धरलेला नव्हता. तो आमच्याकडेच राहिलाय.

उद्या पुण्यात पाचवा क्लब निघाला तर आम्ही पुन्हा जाऊ, यात शंका नाही. दुसऱ्या सामन्यानंतर प्रशिक्षकाला शिव्याही घालू. फक्त या वेळी गुणतक्त्याआधी एक गोष्ट विचारू: बाबांनो, तुमची पोरं कुठे सराव करतात? ते मैदान कुणाच्या नावावर आहे?