तिथी आहे, साल नाही

इंदूरमधील जुन्या मराठी घराण्यांत पूर्वजांचा शोध घ्यावयास बसले, की बहुधा एकच अडचण प्रथम उभी राहते. पणजोबांच्या श्राद्धाची तिथी सर्वांना ठाऊक असते. ते कोणत्या साली वारले, हे मात्र कोणासच सांगता येत नाही. महूची छावणी 1818 मध्ये वसली. तेथे एखादा इंग्रज शिपाई मरण पावला, तर त्याच्या दफनाची नोंद पाद्री करी आणि तिची नक्कल यथाकाल लंडनला जाई. इंडिया ऑफिसच्या दप्तरातील त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत पाहावयास मिळतात. आपल्याकडे देह अग्नीच्या आणि अस्थी नदीच्या स्वाधीन होतात. नाव कोरलेला दगड मागे राहत नाही. तेव्हा आपल्या मृतांची नोंद स्मशानात नव्हे, अन्यत्र शोधावी लागते.

दगड राहिले ते राजघराण्याचे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि छत्रीबाग यांवरून आपण नित्य जातो. परंतु होळकरांच्या छत्र्यांचा नकाशा मांडला, तर तो इंदूरपुरता राहत नाही. खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्यांची छत्री त्याच परिसरात आहे. मल्हारराव 1766 मध्ये आलमपूर येथे, अहिल्याबाई 1795 मध्ये महेश्वर येथे आणि यशवंतराव 1811 मध्ये भानपुरा येथे निवर्तले. त्यांची स्मारकेही तेथेच आहेत. त्यांच्यासवे फिरणाऱ्या शिलेदार, कारकून, भिक्षुक यांचेही तसेच झाले असणार. म्हणून संशोधकाने पहिला प्रश्न विचारावा तो पूर्वज कोठे राहत होता असा नव्हे, तर तो कोठे वारला असा.

दुसरा पुरावा श्राद्धाच्या प्रथेत आहे. महालय पक्षात मृताची तिथी धरून श्राद्ध होते, हा सामान्य नियम. पण त्याचे अपवाद अधिक बोलके आहेत. शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आलेल्यांचे महालय चतुर्दशीस होते. संन्याशांसाठी द्वादशी आहे. ज्यांची तिथीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. एखाद्या घरात पिढ्यानपिढ्या चतुर्दशीचे पान वाढले जात असेल, तर त्यामागे लढाई वा अपघात असण्याचा संभव धरून पुढचा शोध घ्यावा. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हीच प्रथा संशोधकाला अडवते. सुवासिनीचे मरण आलेल्या सर्वांसाठी अविधवा नवमी एकच. त्यामुळे वार्षिक श्राद्ध खंडित झाले, की त्या बाईची स्वतःची तिथीही लोपते. लहानग्यांना तर पुरण्याचीच चाल होती. त्यांच्यासाठी दाखला नाही आणि वार्षिक तिथीही नाही.

माळव्यातील मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-साताऱ्याच्या माणसास सहसा भेडसावत नाही. आपण दोन पंचांगांच्या सीमेवर राहतो. आपला महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा. भोवतालच्या हिंदी समाजाचा महिना पौर्णिमान्त. शुक्ल पक्षात दोन्हींची नावे जुळतात. कृष्ण पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढे असते. आपल्या भाद्रपद वद्यातला पितृपंधरवडा शेजाऱ्यांच्या घरी आश्विन कृष्ण पक्षात येतो, तो याचमुळे. अहिल्याबाईंची पुण्यतिथी मराठी ग्रंथांत श्रावण वद्य चतुर्दशी, शके 1717 अशी आढळते. इंदूर शहर ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाळते. दोन्ही बरोबर आहेत. दिवस एकच, 13 ऑगस्ट 1795. वर्षाचेही तसेच. शकात 135 मिळवले, की विक्रम संवत् येतो. शके 1717 म्हणजे येथील संवत् 1852.

हा भेद मी पोथीतून शिकलो नाही. घरातल्या वादातून शिकलो. आजोबांच्या धाकट्या भावाचे श्राद्ध आमच्याकडे कार्तिक वद्य पंचमीस होत असे. चुलत घराण्यात तेच श्राद्ध मार्गशीर्ष वद्य पंचमीस होई, कारण त्यांच्याजवळ उज्जैनच्या तीर्थपुरोहिताने लिहून दिलेली चिठ्ठी होती. तीत ‘मार्गशीर्ष कृष्ण पंचमी, संवत् 1975’ असे स्पष्ट लिहिलेले. दोन्ही घरे आपापल्या पुराव्यावर ठाम होती. वाद पुढे इतका चिघळला, की एकमेकांकडे श्राद्धाच्या पानाला जाणेही थांबले. वडील वारल्यावर कागद आवरताना ती चिठ्ठी आणि आमची वही मी प्रथमच शेजारी ठेवली, आणि उलगडा झाला. पुरोहिताचे मार्गशीर्ष कृष्ण म्हणजे आमचे कार्तिक वद्यच. चिठ्ठी खरी होती, वहीही खरी होती. चिठ्ठीचे वाचन तेवढे चुकले होते. आमच्या वहीत साल नव्हते, ते चिठ्ठीने दिले. शके 1840, म्हणजे 1918 च्या नोव्हेंबरचा चौथा आठवडा. इन्फ्लुएंझाने देशभर माणसे नेली ते दिवस. एका तरुणाच्या अकाली मरणाचे कारणही त्यातून सुचले. मात्र हे ऐकायला दोन्ही घरांतले वडीलधारे उरले नव्हते.

तीर्थपुरोहितांच्या वह्यांचे मोल यावरून कळावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, उज्जैन, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार येथे अस्थिविसर्जनास किंवा श्राद्धास गेलेल्या यजमानाची नावनिशी तेथे उतरवून घेतली जाते. हरिद्वारच्या वह्यांचे महत्त्व ओळखून अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने त्यांच्या मायक्रोफिल्मही केल्या. या वह्या बहुधा प्रदेश, गाव आणि जात यांनुसार लावलेल्या असतात. म्हणून नाशिकला जाऊन ‘आम्ही इंदूरचे’ एवढेच सांगितले, तर हाती काही लागेलच असे नाही. घराण्याचे देशावरचे वा कोकणातले मूळ गाव आधी सांगावे लागते. जुना मजकूर मोडीत असू शकतो. शिवाय वंश पुरुषांच्या नावांनी चालतो, त्यामुळे सुनांची माहेरची नावे तेथेही क्वचितच मिळतात.

सरकारी नोंदींचा आधार अलीकडच्या काळापुरता धरावा. देशभर एकसूत्री सक्ती आणली ती 1969 च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने. मृत्यूची वर्दी 21 दिवसांत द्यावयाची असते, आणि स्मशानाच्या व्यवस्थापकावरही खबर देण्याचे कर्तव्य आहे. म्हणून पंचकुइया, जुनी इंदूर किंवा रामबाग येथील मुक्तिधामात मिळणारी पावती जपून ठेवावी. पुढे महापालिकेच्या दाखल्याला तिचा आधार होतो. वर्षाहून अधिक विलंब झाल्यास 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. जुनी नोंद शोधताना नावाच्या रूपांकडे लक्ष द्यावे. आपण नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सलग लिहितो. हिंदी रजिस्टरात पिता किंवा पती यांचा रकाना वेगळा असतो, आणि मधले नाव मुख्य नावातून गळते. सापडत नाही असे वाटणारी नोंद कित्येकदा त्या रकान्यात असते.

आता प्रश्न आपल्या पिढीचा आहे. श्राद्धाची वही ठेवणारे हात थकले. पुढची पिढी पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशी आहे. तिला तारीख कळते, तिथी कळत नाही. आपल्या आजोबांना तिथी कळे, पण साल लिहावेसे वाटले नाही. दोन्ही अर्धवट नोंदींमुळे माणूस हरवतो. येत्या पितृपक्षात प्रत्येक घराने एक कोरी वही काढावी. मृताचे पूर्ण नाव, स्त्री असल्यास माहेरचे नावही, इंग्रजी तारीख, तिथी, शक, मृत्यूचे गाव, दहनाचे वा दफनाचे ठिकाण आणि अस्थी कोठे सोडल्या ते लिहावे. महिना अमान्त की पौर्णिमान्त, हा शब्द तिथीपुढे अवश्य घालावा. आमच्या दोन घरांचा अबोला या एका शब्दाने टळला असता.