अमेरिकन महाविद्यालयीन बेसबॉलमधील खेळाडूंचे हंगामपूर्व मूल्यमापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचा हंगाम साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो. प्रथम श्रेणीतील संघ नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने खेळतो. हंगामापूर्वी प्रत्येक प्रशिक्षकासमोर एकच प्रश्न असतो. चेंडू टाकणारा पिचर वगळता मैदानावरील उर्वरित आठ जागांवर कोणाला उभे करावयाचे? कॅचर, पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या बेसवरील खेळाडू, दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यानचा शॉर्टस्टॉप आणि बाह्य मैदानातील तिघे, अशा या आठ जागा होत. या खेळाडूंकडून फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण अशी दुहेरी अपेक्षा असते. त्यामुळे त्यांचे मूल्यमापन पिचरच्या मूल्यमापनापेक्षा गुंतागुंतीचे ठरते.

वरवर पाहता हा केवळ क्रीडाशास्त्राचा विषय वाटतो. परंतु माणसाची गुणवत्ता मोजण्याची साधने कशी घडतात, ती काय नोंदवितात आणि काय वगळतात, हा इतिहासाच्या अभ्यासकाचाही विषय आहे. शिष्यवृत्ती, पदवीचे शिक्षण आणि पुढील उपजीविका या निर्णयाशी जोडलेली असल्याने त्याला सामाजिक महत्त्वही प्राप्त होते.

उद्दिष्टे

१. महाविद्यालयीन बेसबॉलमधील मूल्यमापनाच्या साधनांचा विकास तपासणे.
२. साधनसामग्री व नियम यांतील बदलांचा खेळाडूंच्या आकडेवारीवर झालेला परिणाम पाहणे.
३. मूल्यमापन आणि संधी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

नोंदीची परंपरा आणि क्रिकेटचा वारसा

अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे झाला. त्यात अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाने विल्यम्स महाविद्यालयाचा ७३ विरुद्ध ३२ असा पराभव केला. याच सुमारास हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) हे पत्रकार बेसबॉलच्या नोंदीला शिस्त लावण्याचा प्रयत्न करीत होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले चॅडविक १८३७ मध्ये अमेरिकेत आले व प्रारंभी क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्यांनी बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ विकसित केला. फलंदाजीची सरासरी ही कल्पना रूढ होण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

या वारशाबरोबर एक पूर्वग्रहही आला. पिचरने चार चेंडू योग्य कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने त्यांवर बॅट फिरविली नाही, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. यास ‘वॉक’ म्हणतात. चॅडविक यांच्या मते वॉक ही पिचरची चूक होती आणि फलंदाजाला तिचे श्रेय देण्याचे कारण नव्हते. १८८७ या एका हंगामात व्यावसायिक बेसबॉलमध्ये वॉकची गणना यशस्वी फटक्यांत करण्यात आली, परंतु पुढील वर्षी हा प्रयोग सोडून देण्यात आला. परिणामी चेंडू पारखण्याचे कौशल्य फलंदाजीच्या सरासरीत कधीच उमटले नाही. एका व्यक्तीची खेळाविषयीची धारणा नोंदवहीत शिरली आणि पुढे तीच वस्तुस्थिती मानली गेली, असे येथे दिसून येते.

पारखी नजर : ब्रँच रिकी यांचे उदाहरण

आकडे अपुरे असताना प्रशिक्षकाची नजर हेच मुख्य साधन होते. याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्रँच रिकी. ते १९१० ते १९१३ या काळात मिशिगन विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघात जॉर्ज सिसलर हा डावखुरा पिचर होता. पुढे सेंट लुईस ब्राउन्स या व्यावसायिक संघात रिकी यांनीच त्याला पिचरच्या जागेवरून पहिल्या बेसकडे वळविले. पिचरला रोज खेळविता येत नाही. सिसलरसारखा फलंदाज रोज मैदानात असणे संघाच्या हिताचे होते. सिसलरने १९२० मध्ये एका हंगामात २५७ यशस्वी फटके मारले. हा विक्रम २००४ मध्ये इचिरो सुझुकी याने २६२ फटके मारून मोडला. म्हणजेच मूल्यमापनात खेळाडू किती चांगला आहे, याच्या जोडीने तो कोणत्या जागी अधिक उपयोगी पडेल, हाही प्रश्न येतो.

धावणे, फेकणे, झेलणे, सातत्याने फटके मारणे आणि जोरदार फटके मारणे या पाच गुणांची स्वतंत्र पारख करण्याची रीत बेसबॉलमध्ये रूढ झाली. या रीतीत शरीरयष्टी व गती यांना महत्त्व मिळाले. डोळ्यांना जे दिसते त्याची नोंद झाली. जे सावकाश, अनेक सामन्यांतून उमगते, ते मात्र मागे पडले. रिकी यांना या उणिवेची जाणीव होती. १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघात त्यांनी अ‍ॅलन रॉथ या संख्याशास्त्रज्ञाची नेमणूक केली. १९५४ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकातील लेखात त्यांनी फलंदाजीच्या सरासरीवर टीका केली आणि फलंदाज कितीदा बेसवर पोहोचतो याला अधिक महत्त्व दिले. चॅडविक यांनी नाकारलेले वॉकचे श्रेय अशा प्रकारे पुन्हा चर्चेत आले.

यादीत कोण आणि यादीबाहेर कोण

मूल्यमापनाची चर्चा करताना मूल्यमापनासाठी कोणाला उभे राहू दिले, हा प्रश्न टाळता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ओहायो वेस्लियन महाविद्यालयात रिकी संघाची जबाबदारी पाहत असताना चार्ल्स थॉमस हा कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्या संघात होता. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील हॉटेलने त्याला खोली नाकारली, ही हकिकत रिकी पुढे आयुष्यभर सांगत असत. थॉमस महाविद्यालयीन संघात खेळू शकला, परंतु प्रमुख व्यावसायिक संघांचे दार त्याला बंद होते.

यापुढील उदाहरण जॅकी रॉबिन्सन यांचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघात ते १९४० मध्ये शॉर्टस्टॉप म्हणून खेळले. त्यांची फलंदाजीची सरासरी अवघी ०.०९७ होती. त्याच वर्षी ते लांब उडीत राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेते ठरले. फुटबॉल व बास्केटबॉलमध्येही त्यांनी नाव मिळविले होते. बेसबॉल हा त्यांचा सर्वांत दुबळा खेळ दिसत होता. रिकी यांनी १९४५ मध्ये त्यांना करारबद्ध केले. १९४७ मध्ये डॉजर्सकडून खेळताना त्यांनी प्रमुख स्पर्धांतील वर्णभेदाची भिंत ओलांडली. १९४९ मध्ये ०.३४२ या सरासरीसह ते आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरले. केवळ १९४० च्या आकड्यावर भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाने त्यांना पुढील हंगामासाठी वगळले असते. एका छोट्या हंगामातील आकडा हा गुणवत्तेचा अंतिम पुरावा नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

बॅट बदलली, आकडे बदलले

१९७४ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांत अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळाली. लाकडी बॅट वारंवार मोडत असल्याने होणारा खर्च वाचविणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता. परंतु या आर्थिक निर्णयाने फलंदाजीचे स्वरूप पालटले. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९९७ मध्ये १८८ होम रन मारले. १९९८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठावर २१ विरुद्ध १४ असा विजय मिळविला.

व्यावसायिक संघ मात्र लाकडी बॅटनेच खेळतात. त्यामुळे महाविद्यालयातील फटक्यांचे खरे मोल किती, हा प्रश्न निर्माण झाला. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथील उन्हाळी स्पर्धेने १९८५ पासून पुन्हा लाकडी बॅट स्वीकारली. तेथील कामगिरीकडे निवडकर्ते म्हणूनच विशेष लक्ष देऊ लागले.

२०११ मध्ये बॅटवरून चेंडू किती वेगाने परतावा यावर नवी कडक मर्यादा आली. प्रथम श्रेणीतील एकूण फलंदाजीची सरासरी २०१० मध्ये ०.३०५ होती, ती २०११ मध्ये ०.२८२ झाली. प्रत्येक संघाचे दर सामन्यामागे होम रन ०.९४ वरून ०.५२ वर आले. म्हणजे ५६ सामन्यांच्या हंगामात एखाद्या संघाचे सुमारे ५३ होम रन अपेक्षित असत, तेथे आता सुमारे २९ अपेक्षित होते. २०१० मध्ये ११ होम रन मारणाऱ्या खेळाडूने २०११ मध्ये ६ मारले, तर त्याचा खेळ घसरला असे म्हणता येत नाही. सर्वांच्या आकड्यांत जेवढी घट झाली, जवळपास तेवढीच त्याच्याही आकड्यात झाली. २०१५ पासून चेंडूची शिवण कमी उंचीची करण्यात आली, तेव्हा होम रनची संख्या पुन्हा वाढली. अवघड आणि सोप्या प्रश्नपत्रिकांवरील गुणांची सरळ तुलना करणे जसे अन्यायाचे ठरते, तसेच येथेही घडते.

क्षेत्ररक्षण : न दिसणाऱ्या चुका

फलंदाजीपेक्षाही क्षेत्ररक्षणाची मोजणी अवघड आहे. परंपरेने खेळाडूच्या ‘चुका’ मोजल्या जात. परंतु चूक कोणती, हे अधिकृत नोंदणीकाराच्या मतावर अवलंबून असते. शिवाय जो शॉर्टस्टॉप चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही. जो चपळाईने पोहोचतो आणि मग चेंडू निसटू देतो, त्याच्या नावावर मात्र ती लागते. बिल जेम्स यांनी १९७० च्या दशकात ही विसंगती दाखविली आणि खेळाडूने प्रत्यक्षात किती जणांना बाद करण्यात हातभार लावला, हे मोजण्याचा आग्रह धरला. शॉर्टस्टॉपची जागा अवघड, पहिल्या बेसची तुलनेने सोपी, अशी जागांची श्रेणीही त्यांनी मांडली. या दृष्टीने पाहता समान सरासरी असलेले दोन फलंदाज संघाला समान उपयोगी नसतात. शॉर्टस्टॉप सांभाळून ०.२८० ची सरासरी राखणारा खेळाडू पहिल्या बेसवरील तशाच फलंदाजापेक्षा दुर्मीळ असतो.

२००२ ची निवड आणि तिचा निकाल

आकड्यांच्या बाजूने सर्वांत गाजलेला प्रयोग ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या व्यावसायिक संघाने २००२ च्या खेळाडू निवडीत केला. त्यावर मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वर्षी पहिल्या ३९ निवडींपैकी ७ ओकलंडकडे होत्या. अलाबामा विद्यापीठाचा कॅचर जेरेमी ब्राउन याला त्यांनी ३५ व्या क्रमांकावर निवडले. त्याचे शरीर स्थूल होते. अन्य निवडकर्त्यांनी त्याला इतक्या वर गणले नव्हते, परंतु वॉक मिळविण्याचे त्याचे प्रमाण उत्तम होते. ओहायो स्टेट विद्यापीठाचा निक स्विशर १६ व्या क्रमांकावर निवडला गेला.

निकाल संमिश्र ठरला. ब्राउन सर्वोच्च स्तरावर २००६ मध्ये केवळ ५ सामने खेळला. स्विशर २००४ ते २०१५ या काळात खेळला व त्याने २४५ होम रन मारले. स्विशर मात्र निवडकर्त्यांच्या नजरेलाही पसंत पडला होता. एका संघाच्या एका वर्षावरून व्यापक निष्कर्ष काढणे योग्य नाही. तरीही नजर आणि संख्या यांनी एकाच खेळाडूकडे बोट दाखविले असता निर्णय अधिक भक्कम होतो, असे म्हणण्यास या उदाहरणातून आधार मिळतो.

मूल्यमापन आणि शिष्यवृत्ती

या निर्णयाचा भार खेळाडूवर कसा पडतो, हे शिष्यवृत्तीच्या नियमांवरून ध्यानात येते. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून २०२४-२५ पर्यंत प्रथम श्रेणीतील एका बेसबॉल संघाला ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. पुढील काळात ही रक्कम जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटता येत असे. म्हणजे सरासरीने एका खेळाडूच्या वाट्यास निम्म्याहूनही कमी शिष्यवृत्ती येई. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर, त्यात सहभागी संस्थांसाठी शिष्यवृत्तीची ही मर्यादा जाऊन ३४ खेळाडूंची संघमर्यादा आली. काहींना अधिक मदत मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. त्याच वेळी पस्तिसाव्या खेळाडूसाठी जागाच उरली नाही.

२०२१ पासून एक वर्ष न थांबता दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून प्रशिक्षकाला निरनिराळ्या परिस्थितींतील आकड्यांची तुलना करावी लागते. न्यू मेक्सिको विद्यापीठाचे अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो. ही बाब विचारात न घेता तेथील होम रन समुद्रकाठच्या मैदानावरील होम रनशी ताडून पाहता येत नाहीत. १२ मार्च २०२० रोजी महामारीमुळे वर्षअखेरची राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली आणि हंगाम अवघ्या चार आठवड्यांत संपला. अशा हंगामात ६० संधींत २० फटके म्हणजे ०.३३३ आणि १५ फटके म्हणजे ०.२५० अशी सरासरी येते. नामवंत आणि सामान्य यांतील हे अंतर केवळ पाच फटक्यांचे आहे.

निष्कर्ष

१. महाविद्यालयीन बेसबॉलमधील आकडेवारी ही बॅट, चेंडू, मैदान, प्रतिस्पर्धी आणि नोंदणीकाराची दृष्टी यांतून घडते. ऐतिहासिक साधनाप्रमाणे तिचीही चिकित्सा केली पाहिजे.
२. मागील हंगामाचा आकडा त्या वर्षीच्या सर्वसाधारण सरासरीशी ताडूनच वाचावा. अल्प संधींवरून खेळाडूला अंतिम शिक्का मारू नये.
३. क्षेत्ररक्षणाची जागा विचारात घेतल्याशिवाय फलंदाजीचे मोल ठरत नाही.
४. मूल्यमापनाची पद्धत कितीही सुधारली, तरी ज्यांना मैदानातच उतरू दिले नाही त्यांची गुणवत्ता ती मोजू शकत नाही.

चॅडविक यांच्या नोंदवहीत वॉकला जागा नव्हती, आणि १९४० च्या आकड्यांत भावी रॉबिन्सन कोठेही दिसत नव्हते. हंगामापूर्वी यादी तयार करणाऱ्याने, मग तो प्रशिक्षक असो वा विद्यार्थ्यांचे गुणमापन करणारा अध्यापक, आपल्या हातातील आकडा कोणत्या परिस्थितीत तयार झाला, हे आधी तपासावे. त्या यादीतील प्रत्येक नावामागे एका विद्यार्थ्याचे शिक्षण उभे असते.