डिव्हाइन लोरेन हॉटेल

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरातील इतिहासप्रसिद्ध इमारत. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीट व फेअरमाउंट अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. वास्तुविशारद विलिस हेल यांच्या आराखड्यानुसार १८९२–९४ या काळात ‘लोरेन अपार्टमेंट्स’ या नावाने ती बांधली गेली. दहा मजल्यांची ही वास्तू शहरातील आरंभीच्या उत्तुंग निवासी इमारतींपैकी एक होय. विजेचे दिवे, सामाईक स्वयंपाकघर आणि इमारतीचाच नोकरवर्ग या सोयींमुळे उद्योगधंद्यांत नव्याने श्रीमंत झालेली कुटुंबे येथे राहू लागली. १९०० मध्ये तिचे हॉटेलात रूपांतर झाले.

१९४८ मध्ये ‘इंटरनॅशनल पीस मिशन’ या पंथाचे कृष्णवर्णीय धर्मगुरू फादर डिव्हाइन यांनी ती ४,८५,००० डॉलरना विकत घेऊन तिला आजचे नाव दिले. अनुयायी त्यांना प्रत्यक्ष ईश्वर मानत. त्यांनी १९४२ मध्ये पंथाचे मुख्य ठाणे न्यूयॉर्कच्या हार्लेममधून फिलाडेल्फियाला हलवले होते. अमेरिकेत वर्णभेद सर्रास पाळला जाई, त्या काळात या हॉटेलात वर्ण वा धर्म न पाहता कोणालाही खोली मिळे. कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय पाहुण्यांना एकाच छपराखाली ठेवणारे हे शहरातील पहिले मोठे हॉटेल मानले जाते.

पंथाचे नियम मात्र सर्वांनाच पाळावे लागत. दारू, धूम्रपान व शिवीगाळ यांना मज्जाव होता. पोशाख अंगभर हवा आणि स्त्री-पुरुषांचे मजले वेगळे असत. दहाव्या मजल्यावरील सभागृहाचे प्रार्थनास्थळ झाले. तळमजल्यावरच्या भोजनगृहात बाहेरच्या माणसालाही अवघ्या २५ सेंटमध्ये पोटभर जेवण मिळे. पंक्तीला बसवताना वर्णाचा विचार नसे, किंबहुना एकत्र भोजन हाच या पंथाचा मुख्य धर्मविधी होता.

फादर डिव्हाइन १९६५ मध्ये निवर्तले. पुढे अनुयायी घटत गेले व १९९९ मध्ये हॉटेल बंद झाले. २००२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समावेश होऊनही आतील सामान काढून नेले गेले आणि इमारत अनेक वर्षे ओसाड राहिली. जीर्णोद्धारानंतर २०१७ मध्ये तेथे पुन्हा भाडेकरू राहू लागले. छतावरील लाल निऑन अक्षरांतील नावाचा फलकही पुन्हा उजळला आहे. वास्तुशिल्पाइतकेच, कायद्याने सक्ती करण्याआधी समतेचा आचार घडवून दाखवल्यामुळे या इमारतीला अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात मानाचे स्थान आहे.